"तो वाचतोय, त्याला वाचू द्या" : एका मुलीचे धाडस आणि वडिलांचा अभिमान

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना पालक माझ्याकडे येतात ते बहुधा दोन कारणांनी : आपल्या मुलाला कोणी त्रास देत आहे म्हणून, किंवा आपले मूल इतरांना त्रास देते अशी तक्रार आली म्हणून. या प्रकरणातील वडील वेगळ्याच कारणाने आले होते. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने वर्गात चाललेला एका मुलाचा छळ सगळ्यांसमोर उभे राहून थांबवला होता. वडिलांचा ऊर अभिमानाने भरून आला होता, आणि नेमकी त्याच दिवसापासून मुलगी घरात बोलेनाशी झाली होती. "मी तिचं कौतुकच केलं हो, दुसरं काही नाही," हे वाक्य त्यांनी पहिल्या भेटीत तीन वेळा उच्चारले.

हे प्रकरण मी दोन्ही कुटुंबांच्या संमतीने लिहीत आहे. कोणाचीही ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे. घडलेली गोष्ट छोटी आहे, मारामारी नाही, जखम नाही. तरीही छळाविषयी आपण पालकांशी जे बोलतो त्यात एक मोठी पोकळी आहे हे मला या प्रकरणाने दाखवले. मुलाला त्रास झाला तर काय करावे, मूल त्रास देत असेल तर काय करावे, हे आपण सांगतो. मूल दुसऱ्यासाठी उभे राहिले तर काय करावे, हे कोणीच सांगत नाही, कारण तिथे फक्त आनंद मानायचा असतो असे आपण गृहीत धरतो.

वर्गात काय चालले होते

सहावीच्या वर्गात भाषेच्या तासाला ओळीने धडा वाचण्याची पद्धत होती. एकाने एक परिच्छेद वाचायचा, मग मागच्याने पुढे चालू करायचे. या वर्गातील एक मुलगा बोलताना अडखळतो. अडखळणाऱ्या मुलाला शब्द पक्का माहीत असतो, पण त्यातला एखादा ध्वनी पुन्हा पुन्हा येतो, लांबतो किंवा तोंडातून बाहेरच पडत नाही. याचा बुद्धीशी किंवा अभ्यासाशी काही संबंध नाही आणि हा भित्रेपणाही नव्हे. लहान वयात १०० पैकी साधारण ५ मुले कधी ना कधी अडखळतात, त्यांतील बहुतेकांचे अडखळणे पुढे थांबते आणि प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते. घाई झाली, लोक पाहत असले किंवा अवघड शब्द टाळण्याची सोय नसली की अडखळणे वाढते, आणि ओळीने मोठ्याने वाचताना या सगळ्या गोष्टी एकदमच वाट्याला येतात. गप्पा मारताना तो मुलगा नको असलेला शब्द बदलून दुसरा वापरू शकतो, पुस्तकातला शब्द मात्र त्याला बदलता येत नाही. पुढे त्याने मला सांगितले की तास सुरू झाला की तो आधी आपल्या पुढची मुले मोजायचा, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते काढायचा आणि त्यात 'प'ने सुरू होणारे शब्द किती आहेत ते पाहून ठेवायचा. धडा कशाबद्दल होता हे त्याला तास संपल्यावर आठवत नसे.

मागच्या दोन बाकांवरच्या चार मुलांच्या हे लक्षात आले होते. तो 'प'वर अडला की ती कंपासपेटीच्या झाकणावर पेन्सिलीने टकटक करीत, जितक्या वेळा तो ध्वनी येई तितकी टकटक. तोंडाने कोणी एक शब्द बोलत नसे, त्यामुळे बाईंच्या कानाला तो वर्गातला नेहमीचा आवाज वाटला. वर्ग हसू दाबून हसत असे. आठवड्याला चार तास, असे तीन आठवडे हे चालले.

छळाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सुरू केला त्यांत नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांचे नाव अग्रभागी येते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांनी केलेला छळ असल्याचे समोर आले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या शासनाने शाळांसाठी देशव्यापी मोहीम हाती घेतली. त्या मोहिमेच्या मुळाशी ओल्व्हेउस यांचे काम होते. त्यांनी छळ ओळखण्याच्या ज्या तीन खुणा सांगितल्या त्या आजही वापरल्या जातात : त्रास देण्याचा हेतू, तो पुन्हा पुन्हा होणे, आणि दोन बाजूंच्या बळात असलेला फरक. "पोरांची गंमत चालली होती," असे या प्रकरणात एका मुलाच्या वडिलांनी नंतर म्हटले, पण इथे तिन्ही खुणा होत्या. बळातला फरक केवळ चार विरुद्ध एक एवढाच नव्हता. त्या मुलाने उलट उत्तर द्यायचे ठरवले असते तरी ते उत्तरच त्याच्या तोंडून उशिरा निघाले असते, आणि हे त्या चौघांना ठाऊक होते.

त्या दिवशी त्याच्या परिच्छेदाची सुरुवातच 'परिस्थिती' या शब्दाने होत होती. तो अडला, टकटक सुरू झाली. खिडकीकडच्या ओळीत दुसऱ्या बाकावर बसणारी ही मुलगी उभी राहिली, मागे वळली आणि म्हणाली, "तो वाचतोय. त्याला वाचू द्या." एवढेच. त्यानंतर ती खाली बसली नाही. त्याचा परिच्छेद संपेपर्यंत ती मागे तोंड करून उभी होती आणि बाकाची कड तिने इतकी घट्ट धरली होती की लाकडाची एक कुसळ बोटात गेली. परवानगीशिवाय उभी राहिली म्हणून बाईंनी आधी तिलाच बसायला सांगितले. ती बसली नाही तेव्हा बाईंचे मागच्या बाकांकडे लक्ष गेले. "माझा आवाज फाटला होता," असे तिने मला सांगितले, आणि या एका गोष्टीची तिला कितीतरी दिवस लाज वाटत होती.

बघणाऱ्यांचा वाटा

हे प्रकरण समजायचे तर छळ करणारा आणि छळ सोसणारा या दोघांपलीकडे पाहावे लागते. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सहावीतल्या ५७३ मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात छळ होतो तेव्हा प्रत्येक मूल काय करते हे त्यांनी मुलांनाच विचारले होते. काही मुले पुढाकार घेतात, काही त्यांना हातभार लावतात, काही हसून किंवा गोळा होऊन उत्तेजन देतात, काही बाजूला राहतात आणि काही सोसणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. उत्तेजन देणारी मुले सुमारे २० टक्के निघाली, बाजूला राहणारी सुमारे २४ टक्के आणि बचावाला जाणारी सुमारे १७ टक्के. कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांच्या गटाने शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष चित्रीकरण करून पाहिले. छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती, मध्ये मात्र ती पाचातल्या एकाच प्रसंगात पडली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांतली एक गोष्ट मी प्रत्येक पालकसभेत सांगते : कोणी मूल मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

आमच्या वर्गातही टकटक तेवढ्याच वेळात थांबली. हसणारा वर्ग हाच त्या खेळाचा दाणागोटा होता, आणि एका मुलीने वळून पाहिल्याबरोबर हसणे अवघड झाले. चौघांपैकी एकाने पुढे मला सांगितले, "कुणीच हसलं नाही, मग मला एकदम कसंतरीच वाटलं." यातला 'कसंतरीच' हा शब्द मी त्याच्या नोंदीत तसाच ठेवला आहे.

घरी

वर्गशिक्षिकांनी संध्याकाळी घरी फोन केला. वडिलांनी तो घेतला, आणि फोन ठेवल्यावर ते काही वेळ एकटेच जिन्यात बसून होते. त्यांना रडू आले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले. मुलगी खेळून परत आली तेव्हा त्यांनी तिला उचलून घेतले आणि "माझी वाघीण!" म्हणून सगळ्या घराला ऐकू जाईल असे ओरडले. त्यांनी आजीला फोन केला, काकांना केला, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तिच्या छायाचित्रासह चार ओळी टाकल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती हकीकत तिला स्वतःच्या तोंडाने पाच वेळा सांगावी लागली. दर वेळी ती सांगताना वडील मध्येच एखादी गोष्ट जोडत, त्यामुळे पाचव्या वेळेपर्यंत तिने चारही मुलांना खडसावले होते, त्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. प्रत्यक्षात वर्गात टाळ्या कोणीच वाजवल्या नव्हत्या.

या आनंदात मला काही गैर वाटत नाही. आपल्या मुलाने चांगले गुण मिळवले तर पालकाला बरे वाटते, पण आपले मूल कोणा दुसऱ्यासाठी उभे राहिले तर जे वाटते त्याची जात निराळी असते. गुणांमागे शिकवणी असते, पाठांतर असते. इथे कोणी शिकवलेले नसते, कोणी पाहत नसते, आणि तरीही ते मूल तसे वागते. आपल्या हातून काहीतरी बरे घडले असावे, अशी पालकाला मिळालेली ती दुर्मीळ खात्री असते. ती मिळाल्यावर माणूस जिन्यात बसून रडला तर मला ते पूर्णपणे समजते.

घरात दुसराही सूर होता. आईला काळजी वाटत होती. "आपण बरं की आपलं काम बरं. उद्या ते चौघं हिच्या मागे लागले तर?" असे ती वडिलांना स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, आणि ते मुलीने ऐकले. काळजी खोटी नव्हती. दोन दिवसांतच ती वर्गात शिरली की मागून "आल्या पुढारीणबाई" असे ऐकू येऊ लागले होते. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली होती. मुलीने घरी यातले काहीच सांगितले नाही. सकाळी पोट दुखते असे ती सांगू लागली, आणि ज्या दिवशी भाषेचा तास नसेल त्या दिवशी पोट दुखत नसे. हे आईनेच हेरले. वडिलांनी त्याचा अर्थ एकच लावला : ती चार मुले तिला त्रास देत आहेत. त्या मुलांची नावे आणि त्यांच्या पालकांचे फोन नंबर मागण्यासाठी ते माझ्याकडे आले होते. मी ते दिले नाहीत. मुलीशी आधी मला एकटीला बोलू द्या, एवढी विनंती केली.

बाकांचा नकाशा

अशा वेळी मी मुलांना थेट प्रश्न विचारत नाही. वर्गातल्या बाकांचा एक रिकामा नकाशा कागदावर काढून देते आणि सांगते की त्या तासाला कोण काय करत होते ते तुला हव्या त्या खुणांनी दाखव. तिने खुणा स्वतः ठरवल्या. टकटक करणाऱ्यांसाठी काळी फुली, हसणाऱ्यांसाठी लाल गोल, खाली मान घालून पुस्तकात पाहणाऱ्यांसाठी निळी रेघ. तिने सावकाश, एकेक बाक आठवून खुणा केल्या. जवळजवळ सगळे बाक भरले. एकच बाक कोरा राहिला होता, तिचा स्वतःचा. ती बराच वेळ लाल पेन्सिल हातात धरून बसली. मग तिने आपल्या बाकावर लाल गोल काढला.

"मी पण हसायचे," ती म्हणाली. "पहिले दोन आठवडे. खूप नाही, पण हसायचे."

त्यानंतरचे तिचे बोलणे मी जसेच्या तसे लिहून घेतले. "एकदा मी हसत होते आणि त्याने वाचता वाचता वर बघितलं. सगळ्यांकडे नाही बघितलं, माझ्याकडेच बघितलं. मग मला घरी गेल्यावर पण तेच दिसायला लागलं. बाबा सगळ्यांना सांगतात मी शूर आहे. मी शूर असते तर पहिल्याच दिवशी उठले असते ना? बाबांना हे कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल."

प्रकरणाचे मर्म इथे आहे. तिला बोलेनासे करणारी पहिली गोष्ट वर्गातली टोमणेबाजी नव्हती, तीही तिला लागत होती तरी. तिला गप्प केले होते ते घरातल्या कौतुकाने, कारण त्या कौतुकात तिच्या पहिल्या दोन आठवड्यांना जागा नव्हती. वडिलांनी जी मुलगी मनात उभी केली होती ती कधीच हसली नव्हती. प्रत्येक फोनबरोबर ती मुलगी मोठी होत गेली आणि खऱ्या मुलीला आपण एका खोटेपणात सामील आहोत असे वाटू लागले. कबूल करावे तर बाबांचा आनंद मोडतो, गप्प बसावे तर तो आनंद आपल्या नावावर चुकीने जमा होतो. अकरा वर्षांच्या मुलीने यातून पोटदुखी काढली.

शाबासकी कशाला द्यावी यावर क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पुष्कळांना माहीत आहेत. 'तू हुशार आहेस' असे कौतुक झालेली मुले पुढे अपयश आल्यावर लवकर खचली, 'तू मेहनत घेतलीस' असे कौतुक झालेली मुले टिकून राहिली. ते प्रयोग कोडी सोडवण्याचे होते, धाडसाचे नव्हते, त्यामुळे त्यांचा आधार मी इथे बेताने घेते. पण समुपदेशनाच्या खोलीत मला हाच आकार दिसतो. 'तू शूर आहेस' हे मुलाच्या अंगावर चढवलेले एक पद असते, आणि पद मिळाले की ते राखण्याची, त्याला न शोभणारे लपवण्याची धडपड सुरू होते. 'तू उभी राहिलीस' हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन असते. त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय होईल, याबद्दल ते वाक्य काहीच बंधन घालत नाही.

वडिलांशी बोलणे

तिची परवानगी घेऊनच मी वडिलांना बोलावले. नकाशा तिने स्वतः त्यांच्यापुढे ठेवला आणि लाल गोलावर बोट ठेवले. वडिलांनी क्षणभर पाहिले आणि लगेच म्हणाले, "अगं, मग काय झालं! शेवटी उभी राहिलीस ना?"

प्रेमळ माणसाकडून असेच उत्तर येते, आणि इथे ते चुकीचे होते. मुलीने मोठ्या कष्टाने जे समोर ठेवले ते त्यांनी एका वाक्यात पुसून टाकले, आणि तिचा चेहरा पुन्हा मिटला. मी त्यांना थांबवले आणि विचारले, की तिने हे तुम्हाला का दाखवले असेल? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मुलीकडे न पाहता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत एका मुलाचे बूट रोज काढून छपरावर फेकले जात. हे खाली उभे राहून पाहत असत. तो मुलगा मोज्यांवर मैदान ओलांडून शिपाईकाकांना शोधायला जायचा, आणि ते ओले, मातीने भरलेले मोजे त्यांना अजून दिसतात. "मी कधीच काही बोललो नाही. वर्षभर नाही," ते म्हणाले. "तू तीन आठवड्यांत उठलीस."

पालकांनी आपले जुने ओझे मुलांपुढे मोकळे करावे या मताची मी नाही. मुलांना मग पालकांनाच सावरावे लागते. इथे ते जमून गेले ते एवढ्यासाठी की त्यांनी ते चार वाक्यांत सांगितले आणि तिच्याकडून सांत्वनाची अपेक्षा ठेवली नाही. त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक तर त्यांच्या अभिमानाला इतकी मोठी भरती का आली होती हे त्यांना स्वतःला कळले. ते मुलीचे कौतुक करत होतेच, पण त्या छपराखाली उभ्या असलेल्या मुलाचीही त्यांना सुटका करायची होती, आणि ते काम त्यांनी नकळत मुलीवर सोपवले होते. दुसरे म्हणजे, हसणे आणि उभे राहणे या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या आहेत हे त्या खोलीत पहिल्यांदा मोठ्याने बोलले गेले. मला तर असे वाटते की ती आधी हसली होती म्हणूनच तिचे उभे राहणे अधिक मोलाचे आहे. जी मुलगी सुरुवातीपासून बाजूला होती तिला फक्त वर्गाविरुद्ध जायचे होते. हिला स्वतःच्या कालच्या वागण्याविरुद्धही जायचे होते, आणि तेही ज्यांच्याबरोबर आपण हसलो त्यांच्याकडे तोंड करून.

नातेवाइकांच्या गटावरचे ते चार ओळींचे निवेदन वडिलांनी त्याच रात्री काढून टाकले. काढण्याआधी त्यांनी तिला विचारले. ती म्हणाली, "फोटो काढून टाका. आजीला माहीत असलं तर चालेल."

शाळेचे काम

इथपर्यंत सगळे त्या मुलीबद्दल झाले, आणि खरे तर हीच या प्रकरणातली दुसरी चूक होती. शाळेतही आठवडाभर तिच्याच धाडसाची चर्चा होती. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिचा सत्कार करावा असे सुचवले. हेतू चांगला होता, पण त्या सत्कारात शेकडो मुलांपुढे सांगावे लागले असते की एक मुलगा अडखळतो आणि त्याच्यावरून हा प्रसंग घडला. त्याचे मत कोणीच विचारले नव्हते. मी विचारले. तो म्हणाला, "ती उठली तेव्हा मला बरं वाटलं. पण भीतीपण वाटली, की आता हे अजून वाढणार." आपल्या मुलाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक पालकाने हे दुसरे वाक्य ऐकायला हवे. ज्याच्यासाठी कोणी उभे राहते तो त्या क्षणी अधिकच उजेडात येतो, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळू नयेत यासाठीच तो तीन आठवडे झटत होता. सत्कार रद्द झाला.

टकटक थांबवणे हे मोठ्या माणसांचे काम होते आणि ते एका मुलीने केले, कारण मोठ्यांना ते ऐकूच आले नव्हते. वर्गशिक्षिकांनी हे बैठकीत स्वतःहून मान्य केले, आणि त्यामुळे पुढचे सोपे झाले. फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर राबवल्या गेलेल्या 'किवा' या छळविरोधी कार्यक्रमात अशा प्रकरणांसाठी एक क्रम आहे : सोसणाऱ्या मुलाशी स्वतंत्र बोलायचे, त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने आणि मग एकत्र बोलायचे, ठराविक दिवसांनी पुन्हा भेटून पाहायचे, आणि वर्गातल्या दोन ते चार विश्वासू मुलांना त्या मुलाला साथ द्यायला सांगायचे. आम्ही साधारण तोच क्रम धरला. साथ देणाऱ्यांत मुलगी होती, पण तिच्याबरोबर निळ्या रेघेचे दोघेही घेतले, ज्यांनी मान खाली घातली होती. त्या दोघांना कोणी विचारलेच नव्हते, विचारल्यावर ते लगेच तयार झाले. त्यांच्याकडून वर्गात उठून बोलण्याची अपेक्षा ठेवली नाही. मधल्या सुट्टीत बरोबर बसणे, नंतर जाऊन 'ते चुकीचं होतं' एवढे म्हणणे, बाईंना येऊन सांगणे, हेही बाजू घेणेच आहे. मुले सांगायला कचरतात ती चहाडीच्या भीतीने, म्हणून फरक एकदा स्पष्ट करून द्यावा लागतो : कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितले तर ती चहाडी, कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितले तर ती मदत. मारामारीची शक्यता असेल तिथे तर मोठ्यांना बोलावून आणणे हाच मुलासाठी योग्य मार्ग आहे, हे आम्ही चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगितले.

अडखळणाऱ्या मुलाला वाचनातून सूट हवी आहे का, हेही विचारले. त्याला सूट नको होती. म्हणून सगळ्या वर्गासाठीच दोघांनी मिळून एका सुरात वाचण्याची पद्धत सुरू झाली. दुसऱ्याच्या आवाजाबरोबर वाचताना बहुतेक अडखळणाऱ्यांचे अडखळणे बरेच कमी होते. कोणा एकासाठी केलेला बदल म्हणून तो उठून दिसला नाही, आणि धडा कशाबद्दल आहे हे त्याला हळूहळू कळू लागले. टकटक करणाऱ्या चौघांपैकी तिघे आपापल्या भेटींत मोकळे बोलले. चौथ्याचे काम अजून चालू आहे, आणि त्याचे प्रकरण वेगळेच आहे.

नंतरचे आठवडे

पोटदुखी दोन आठवड्यांत थांबली. 'पुढारीणबाई' हा शब्द त्याहून अधिक काळ टिकला. मैत्रीण परत त्या बाकावर आली नाही, आणि हे नुकसान खरे आहे, ते कोणत्याही शाबासकीने भरून निघालेले नाही. मुलगी त्या मुलाकडे गेली आणि म्हणाली की आधी मी हसायचे, सॉरी. त्याने "माहितीये" म्हटले. एवढ्यावरच ते थांबले. दोघांची घट्ट मैत्री वगैरे झाली नाही, पण आता वाचनाच्या तासाला ती दोघे कधीकधी जोडीने वाचतात.

वडील महिन्यातून एकदा येत राहिले. "आज शाळेत काय झालं?" ऐवजी "आज मधल्या सुट्टीत कोण कोण होतं?" असे विचारले की ती जास्त बोलते, हा शोध त्यांना आईकडून लागला. अभिमान कमी झाला का, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "कमी कुठला? पण आता मी तो तिच्यासमोर मिरवत नाही."

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलेली गोष्ट मी नोंदवहीत सविस्तर लिहून ठेवली आहे. आदल्या रात्री झोपायच्या वेळी मुलगी त्यांच्या खोलीत आली होती. मैदानावर मोठ्या वर्गातल्या मुलींनी एका लहान मुलीला खेळातून हाकलून दिले, ती रडत होती, आणि हिने ते पाहिले. "मी काहीच नाही बोलले, बाबा," ती म्हणाली. "मला भीती वाटली." वडिलांच्या तोंडावर दोन वाक्ये आली होती, एक धीर देणारे आणि एक पुढच्या वेळी काय करावे हे सांगणारे. दोन्ही त्यांनी गिळली आणि तिला बसायला जागा करून दिली. "मग?" एवढेच त्यांनी विचारले, आणि ती अर्धा तास बोलत राहिली.